पोस्टकार्डाचं उत्तर : महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना आणि शास्त्रज्ञांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत, महाविद्यालयांत आणि संशोधन संस्थांत विज्ञान शिकवणारे व संशोधन करणारे सर्वजण

सन्माननीय सर आणि मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हे पत्र डॉ. जयंत नारळीकरांच्या आठवणीनं लिहायला घेतलं आहे, पण ते तुमच्यासाठी आहे. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले तेव्हा आमच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या पहिल्याच तासाला मी त्यांच्याबद्दल बोलले. कोल्हापुरातला जन्म, बनारसमधलं बालपण, केंब्रिज, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी मिळालेलं पद्मभूषण. मुलं ऐकत होती, पण थोर माणसांचा धडा ऐकावा तशी, हाताची घडी घालून. मग मी पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली आणि हाताच्या घड्या सुटल्या.

ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. व्याख्यान संपलं की मुलं वह्या पुढे करून स्वाक्षरीसाठी गराडा घालायची. नारळीकर सांगायचे, वहीवर सही नको, तुला पडलेला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. आणि ते खरोखर उत्तर पाठवायचे.

मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "बाई, स्वतः लिहायचे?" म्हटलं, हो. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यात आपलं नावपण लिहायचे?" कृष्णविवर आणि विश्वाची उत्पत्ती ऐकून न आलेलं आश्चर्य तिच्या चेहऱ्यावर या एका गोष्टीनं आलं. एवढ्या मोठ्या माणसानं आपलं नाव लिहायचं!

त्या दिवसापासून मी या पोस्टकार्डाचा विचार करते आहे. आधी वाटलं होतं, हा त्यांच्या स्वभावातला चांगुलपणा. आता शिक्षिका म्हणून मला ती एक नीट विचार करून बसवलेली रीत वाटते. सही मागताना मुलाला काहीच करावं लागत नाही, वही पुढे करायची एवढंच. प्रश्न पाठवायचा तर आधी तो सापडायला हवा. डोक्यात नुसतं कुतूहल घोळत असतं, त्याचा प्रश्न करायला वाक्य लागतं. कार्डावर जागा बेताची, त्यामुळे पाल्हाळ चालत नाही. मग पत्ता मिळवायचा, कार्ड पेटीत टाकायचं आणि वाट बघायची. प्रश्न घेऊन चार-आठ दिवस वाट बघणाऱ्या मुलाच्या डोक्यात तो प्रश्न गप्प बसत नाही. कित्येकदा उत्तर यायच्या आत मुलाला स्वतःलाच अर्धं सुचलेलं असतं. आणि शेवटी जे हाती येतं ते फक्त त्याचं असतं. सभागृहात पाचशे मुलांना सांगितलेलं ज्ञान पाचशेंचं असतं. कार्डावर आलेल्या चार ओळी एका मुलाच्या असतात.

सही त्यांनी कुणाला नाकारली नाही, तिची किंमत मात्र एक प्रश्न ठेवली. लहान मुलाला परवडेल अशी दुसरी कुठली किंमत असते?

आता माझं सांगते. नारळीकरांच्या या रीतीबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सातवीत होते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं. मी पोस्टातून कार्ड आणलं आणि रात्री बसून प्रश्न लिहिला : आकाशात इतके तारे आहेत, तर रात्री अंधार का पडतो? लिहिल्यावर तोच प्रश्न मी दुसऱ्या दिवशी वर्गात एका शिक्षकांना विचारला, कारण मला खात्री करून घ्यायची होती की तो वेडगळ नाही. उत्तर आलं, "सूर्य मावळतो म्हणून. खाली बस." वर्ग हसला. कार्ड मी भूगोलाच्या नकाशावहीत ठेवून दिलं. ते कधीच पेटीत पडलं नाही.

पुढे बी.एस्सी.ला असताना एका पुस्तकात तोच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत समोर आला. त्याला नाव होतं, ओल्बर्सचा विरोधाभास. हाइनरिश ओल्बर्स यांनी तो १८२३ मध्ये मांडला. त्याच्याही आधी, १६१० मध्ये, केप्लर त्याच्याशी झगडले होते. विश्व अनंत असेल, अनादी असेल आणि सगळीकडे सारख्याच प्रमाणात तारे असतील, तर आपण कुठंही पाहिलं तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावरच जाऊन थांबायला हवी, घनदाट जंगलात जिकडे पाहावं तिकडे झाडाचं खोडच दिसतं तशी. दूरचे तारे मंद दिसतात हे खरं, पण जितकं दूर जावं तितकी त्यांची संख्या वाढते. अंतर दुप्पट झालं की एकेक तारा चौपट मंद आणि तारे चौपट जास्त. हिशेब तिथल्या तिथे राहतो. म्हणजे रात्रीचं सगळं आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखं लखलखायला हवं. ते तसं नाही, याचा अर्थ आपण धरून चाललेल्या गोष्टींपैकी एखादी तरी चुकीची आहे.

ग्रंथालयात बसून हे वाचताना माझे डोळे भरून आले होते. प्रश्न वेडगळ नव्हता याचा आनंद होताच. त्याहून जास्त टोचलं ते दुसरंच. मी ज्यांना तो विचारणार होते त्यांचं सगळं आयुष्य याच प्रश्नाच्या आसपास गेलं होतं! आज बहुतेक पुस्तकं सांगतात की विश्वाला वय आहे, ताऱ्यांनाही आहे, आणि फार लांबचा प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही, म्हणून रात्र काळी. पण नारळीकर तर महास्फोटाच्या कल्पनेला पर्याय शोधणाऱ्या मोजक्या लोकांपैकी. हॉइल ज्या स्थिर विश्वाच्या सिद्धान्ताचे एक जनक, त्यात विश्वाला आरंभच नाही. तिथे वयाचं उत्तर चालत नाही. तिथे प्रसरणाचा आधार घ्यावा लागतो : दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, दूर जाताहेत, त्यामुळे त्यांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकत क्षीण होतो. त्यांनी सातवीतल्या मुलीला यातलं काय सांगितलं असतं? दोन्ही बाजू सांगितल्या असत्या का? पोस्टकार्डाच्या त्या एवढ्याशा जागेत हे कसं बसवलं असतं? मला ते कधीच कळणार नाही, कारण कार्ड माझ्या नकाशावहीत होतं.

माझ्यासारखी किती कार्डं या महाराष्ट्रात नकाशावह्यांत राहिली असतील. पत्र लिहिण्याचं एक कारण तेच.

नारळीकरांना ही रीत कुठून सुचली असेल, याचा माग मला त्यांच्याच बालपणात लागतो. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरी मुलांसाठी भिंतीवर लिहायचे काळे फळे बसवलेले. गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर भाच्याच्या नावानं एक आव्हानाचं गणित लिहून ठेवायचे. शाळेच्या पुस्तकात नसलेलं, डोकं खाजवायला लावणारं. भाच्यानं ते सोडवेपर्यंत किंवा हार कबूल करेपर्यंत गणित तिथून हलायचं नाही. येता-जाता ते समोर दिसत राहायचं.

मला या गोष्टीत मामांची हुशारी दिसते तशी त्यांची माया दिसते. रोज घरात वावरणाऱ्या शाळकरी भाच्यासाठी वेगळं गणित शोधून काढायचं, ते त्याच्या नावानं लिहायचं, आणि मग उत्तर सांगायची घाई करायची नाही. उत्तर येत असताना ते दडवून ठेवायला मोठ्या माणसाला फार संयम लागतो. मी पंधरा वर्षं शिकवते आहे आणि अजून मला ते दहातल्या सात वेळा जमत नाही. मूल अडखळलं की मी पटकन सांगून मोकळी होते. मामा फळ्याकडे बोट दाखवून गप्प राहायचे. पुढे त्याच मुलानं मोठं झाल्यावर फळा उलटा फिरवला. आता प्रश्न मुलांनी लिहायचा आणि उत्तराचं आव्हान आपण घ्यायचं.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी कथा लिहिली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हातानं उतरवून दिली. पहिलं बक्षीस मिळालं. तोवर त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती, पण नाव काढून टाकल्यावर आपलं लेखन कसं वाचलं जाईल हे त्यांना पाहायचं होतं. कुणाला माहीत नसलेलं नाव खाली लिहून कागद पाठवायचा आणि वाट पाहायची, हे त्यांनी स्वतः केलेलं होतं. आमच्या मुलांचे कागद तसेच येतात. खालचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

नारळीकरांनी उभारलेल्या 'आयुका' या खगोलविज्ञानाच्या संशोधन संस्थेबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सुरू झालेली ही संस्था मुळात विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी. तरी तिच्या कामात शाळकरी मुलांना पहिल्यापासून जागा मिळाली. दुसऱ्या शनिवारची मुलांसाठीची व्याख्यानं, उन्हाळ्याच्या सुट्टीत शास्त्रज्ञांसोबत काम करायला येणारी शाळकरी मुलं, पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका. त्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य', सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं, आणि त्यात पुलंही आले. तिथेच अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी केली. माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटातली निम्मी साधनं त्यांचीच पाहून केलेली आहेत. अनुदानातून आलेली साधनं मोडली, ही अजून चालतात.

म्हणजे संस्था उभ्या आहेत आणि कार्यक्रमही होतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन सगळीकडे साजरा होतो. पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात त्या सुमाराला आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रकल्प घेऊन येतात, ४५ मीटर व्यासाच्या त्या प्रचंड डिशा जवळून पाहतात. आमचीही मुलं गेली आहेत. हे सगळं मोलाचं आहे आणि त्यासाठी तुमच्यापैकी अनेकजण सुट्टीच्या दिवशी राबतात, हे मी पाहिलं आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

तरीही एक गोष्ट लिहायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी मी वर्गातल्या मुलांकडून प्रश्न लिहून घेतले. त्यांतले सात निवडले आणि एका संस्थेला पाठवले. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण ती काही जगावेगळी वागली असं मला वाटत नाही. सातही पत्रं वेगवेगळ्या पाकिटांत, प्रत्येक मुलाच्या अक्षरात, प्रत्येकात परतीचं तिकीट लावलेलं पाकीट. पहिल्या आठवड्यात सातही मुलं रोज विचारायची, "बाई, आलं का?" दुसऱ्या आठवड्यात चौघं. महिन्यानंतर एकच मुलगा विचारत राहिला. तो तासाला विचारायचा नाही, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन नुसता उभा राहायचा. मी मान हलवली की जायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तोही यायचा थांबला.

मी नंतर त्याला ग्रंथालयातून शोधून उत्तर दिलं. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं, "थँक यू बाई" म्हणाला. पण त्याला माझं उत्तर नको होतं. त्यानं पाकिटावर पत्ता लिहिताना संस्थेचं पूर्ण नाव तीनदा गिरवून पाहिलं होतं. तिथे बसलेल्या कुणीतरी आपलं पत्र उघडलं, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

तुमची अडचण मला समजत नाही असं नाही. तास, परीक्षा, प्रबंध, प्रकल्पांचे अहवाल, समित्या. पोस्टकार्डाचं उत्तर मूल्यमापनाच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. काहींना वाटेल, आता मुलांच्या हातात मोबाइल आहे, विचारलं की क्षणात उत्तर येतं, पत्राची गरज काय? माझ्या वर्गातही हे रोज घडतं. मुलं मोबाइलला विचारतात आणि उत्तर मिळतं, कधी बरोबर, कधी चूक. पण मोबाइलच्या उत्तराची वही कुणी जपून ठेवलेली मी पाहिली नाही. मोबाइल "हा प्रश्न चांगला आहे" म्हणतो तेव्हा मुलाला ठाऊक असतं की तो सगळ्यांनाच तसं म्हणतो. तुम्ही म्हणालात तर तसं नसतं. आणि "हे आम्हालाही अजून नीट माहीत नाही" हे वाक्य ज्यानं त्या विषयात वीस वर्षं घालवली आहेत अशा माणसाच्या हातचं असेल, तर आठवीतल्या मुलाला ते आयुष्यभर पुरतं. विज्ञान संपलेलं नाही, आपल्याला अजून जागा आहे, हे त्याला दुसरं कोण सांगणार?

म्हणून माझी मागणी लहान आहे. नवी योजना नको, पोर्टल नको, उद्घाटन नको. तुमच्या विभागात कुणीतरी एकानं महिन्यातून दोन पत्रांना उत्तर द्यावं. हातानं लिहिलेलं, मराठीत, मुलाचं नाव घालून, खाली सही करून. मराठीचा आग्रह मुद्दाम धरते आहे. नारळीकरांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं, आणि नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्या लेखनासाठीच त्यांच्याकडे आलं. मंगलाताई स्वतः गणितज्ञ, त्यांनीही मुलांसाठी गणित मराठीतून सोपं करून लिहिलं. इंग्रजीत आलेलं उत्तर आमचा मुलगा आधी माझ्याकडे आणतो, मग ते त्याचं एकट्याचं राहत नाही.

उत्तर लांब नको. सगळं समजावून सांगायचीही गरज नाही. मोरूमामांसारखं अर्धं सांगून अर्धं त्याच्यावर सोडलंत तर फारच उत्तम. "रात्री कंदिलाजवळ हे करून बघ आणि मला कळव" एवढं लिहिलंत तरी घरात त्या रात्री कुणी लवकर झोपणार नाही. आणि एक विनंती, प्रश्न चुकीचा असेल तर तोही परतवू नका. चुकीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर अधिक कठीण असतं, हे मला माहीत आहे. ते तुम्हालाच जमेल.

ज्या विभागांना हे करावंसं वाटेल त्यांनी आपला पत्ता जवळच्या चार शाळांना कळवावा, एवढं पुरे. पत्र कसं लिहायचं, पाकिटावर तिकीट कुठे लावायचं, हे आम्ही शिकवू. त्या निमित्तानं आमची मुलं पोस्टाची पायरीही चढतील.

माझ्या या वर्षीच्या वर्गानं प्रश्न लिहून ठेवले आहेत. कुठल्या पत्त्यावर पाठवायचे ते अजून ठरायचं आहे, म्हणून त्यांतले काही इथेच देते. शब्द मुलांचेच आहेत, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.

थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट का लागतं? विहिरीला कुणी तापवतं का?

मुंग्या एकीमागून एक जातात. पहिल्या मुंगीला वाट कोण दाखवतं?

काजवा हातात धरला तर भाजत नाही. मग त्याच्यात उजेड कशाचा?

खोडदची डिश जाळीची आहे. तिच्यातून ऊन खाली पडतं, पाऊसही पडतो. मग आकाशातून आलेली लहर तेवढी जाळीत कशी अडकते?

हा शेवटचा प्रश्न आमच्या शाळेतल्या एका मुलीचा आहे. ती खोडदला त्या डिशेखाली बराच वेळ मान वर करून उभी होती, बस सुटायची वेळ झाली तरी हलेना. तिनं कार्ड लिहून माझ्याकडे दिलं आहे. वरचा पत्ता कोरा आहे.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका